मार्गशीर्षाचा रफार

आमच्या कुळाचा कुलवृत्तांत २००१ साली छापला, तेव्हा त्याचं सगळं डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी आणि मांडणी, आईने केलं होतं. साताऱ्यात, आमच्या घराच्या पुढच्या खोलीत. डेमी आकार, ३२० पानं, म्हणजे सोळापानी वीस फॉर्म, आणि ५०० प्रती. गेल्या दिवाळीत आमच्या कुलमंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला, की दुसरी आवृत्ती काढायची आहे. "वहिनी, तुमच्याकडे फाइल असेलच की." आई "असेल की" म्हणाली, फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

फाइल होती. स्टीलच्या कपाटात, बिस्किटांच्या डब्यात, मार्करने 'कुल. फायनल' लिहिलेली एक सीडी. प्रकरणागणिक एक अशा १४ फाइली, सगळ्या पेजमेकर ६.५ च्या. पेजमेकर म्हणजे पुस्तकाची पानं मांडायचा त्या काळचा प्रोग्रॅम. ज्या संगणकावर त्या केल्या, तो मात्र २००९ मध्ये भंगारवाल्याच्या हातगाडीवरून गेला.

मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे घरात माझ्याबद्दल काही गैरसमज आहेत. त्यातला एक म्हणजे संगणकाचं काहीही मला जमतं. मी आधी सोपे रस्ते शोधले. छापील पुस्तक स्कॅन करून मजकूर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला दिलं, तर साधा मजकूर बरा आला, पण वंशावळींच्या पानांवर आजोबा आणि नातू एकाच ओळीत येऊन बसले. पेजमेकरच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये त्या फाइली थेट उघडायची सोय सीएस ६ या आवृत्तीनंतर राहिलेली नाही, आणि तेवढं जुनं माझ्याकडे नव्हतं. मग म्हटलं, परत टाइप करून घेऊ. आईने साफ नाही म्हटलं.

"तीन-तीन प्रुफं वाचून घेतलीयेत मी. अण्णांनी, नानांनी आणि वाईच्या काकूंनी. त्यातले दोघं गेले आता. परत टाइप केलं की परत प्रुफं आली. ती कोण वाचणार, तू?"

हा मुद्दा बिनतोड होता. आमच्या कुळात कोण कोणाचा दत्तक हे सांगू शकणारी माणसं आता एका हाताच्या बोटांवर आली आहेत. म्हणजे जुनी फाइल, जुन्या पेजमेकरमध्ये, जुन्या फाँटसह, जशी होती तशी उघडायला हवी. आणि त्यासाठी विंडोज ९८.

बिस्किटांच्या त्याच डब्यात विंडोज ९८ ची ओरिजनल सीडी निघाली. १९९९ सालच्या साताऱ्यात हे दुर्मीळच म्हणायचं. पण संगणक बँकेच्या कर्जावर घेतलेला, आणि साहेबांना प्रत्येक वस्तूचं पक्कं बिल हवं होतं, म्हणून ती आली. सोबतची पुस्तिकाही होती. तिच्या वेष्टनावर प्रमाणपत्राचा स्टिकर आणि त्यावर २५ अक्षरांची किल्ली. पुस्तिकेला वाळवीने एका कोपऱ्यात चाखून बघितलं होतं, स्टिकरला नाही.

माझ्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नाही. एका मित्राचा बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला आणि आधी सीडीची इमेज काढायला घेतली. इमेज म्हणजे सगळी सीडी जशीच्या तशी एका फाइलमध्ये. एकदा ती हातात आली, की सीडी परत डब्यात ठेवायची आणि पुढचे सगळे प्रयोग फाइलवर करायचे. साधं कॉपी करायला गेलं तर जुनी सीडी एका ओरखड्याशी अडते आणि सगळंच बंद पडतं, म्हणून लिनक्सवर डीडीरेस्क्यू वापरलं. हा प्रोग्रॅम मला फार आवडतो, कारण त्याचा स्वभाव समजूतदार आहे. जे सहज वाचता येतं ते आधी उचलतो, अडलेलं मागे ठेवतो, आणि काय राहिलं याची एका वेगळ्या फाइलमध्ये नोंद ठेवतो. मग सावकाश त्या राहिलेल्या जागांवर परत येतो. रात्रभर ड्राइव्ह कण्हत होता. सकाळी ३८ सेक्टर सोडून सगळं आलं होतं. एक सेक्टर २०४८ बाइटचा. तीन लाखांवर सेक्टरांत ३८ म्हणजे काय, असं म्हणून मी पुढे गेलो. ही पहिली चूक.

पहिला प्रयत्न मी ज्या व्हर्च्युअल मशीनवर (म्हणजे संगणकाच्या आत चालणाऱ्या दुसऱ्या, खोट्या संगणकावर) ऑफिसची कामं करतो तिथेच केला. ४ जीबीची रिकामी हार्डडिस्क तयार केली, सीडीच्या जागी इमेज लावली, मशीन सुरू केलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत दोन पर्याय: हार्डडिस्कवरून सुरू करू की सीडीवरून? सीडी म्हटल्यावर आणखी तीन. थेट सेटअप, सीडीच्या सोयीसह डॉस (ही आज्ञा टाइप करून चालवायची, विंडोजच्या आधीची प्रणाली), किंवा सीडीशिवाय डॉस. मी थेट सेटअपवर जाणार, तेवढ्यात मागून आवाज आला, "दुसरा घे."

आई भाजी निवडत माझ्या मागे खुर्ची टाकून बसली होती, हे माझ्या लक्षातच नव्हतं.

"का?"

"सगळं विन९८ फोल्डर आधी हार्डडिस्कवर कॉपी करायचं. नाहीतर नंतर प्रिंटर लाव, सीडी घाल. माउस बदल, सीडी घाल. वैताग येतो."

मला हे ठाऊक नव्हतं. आठवीत होतो तेव्हा. आईला मात्र ते त्या काळी दर सहा महिन्यांनी करावं लागायचं. विंडोज बिघडली की दुरुस्तीवाल्याची वाट बघत बसणं धंद्याला परवडत नसे. लग्नसराईत तर नाहीच.

तर दुसरा पर्याय. मग एफडिस्क, म्हणजे हार्डडिस्कचे भाग पाडायचा प्रोग्रॅम. त्याने पहिलाच प्रश्न विचारला तो मोठ्या डिस्कची सोय चालू करू का, हो की नाही. 'हो' म्हटलं की डिस्कवर फाइली मांडायची नवी पद्धत, फॅट३२, 'नाही' म्हटलं तर जुनं फॅट१६, आणि मग एका भागात २ जीबीच्या वर जाता येत नाही. हो म्हटलं, एकच मोठा भाग केला, बाहेर आलो आणि लगेच फॉरमॅट टाइप करायला लागलो.

"रीस्टार्ट केलंस?"

नव्हतं केलं. आणि इथे जी गंमत आहे ती मला नंतर कळली. सीडीवरून डॉस सुरू होतं तेव्हा ते मेमरीतच २ एमबीची एक खोटी डिस्क बनवतं आणि फॉरमॅट, स्कॅनडिस्क वगैरे अवजारं तिच्यात मांडून ठेवतं. खऱ्या हार्डडिस्कवर भाग नसेल तर 'सी' हे अक्षर त्या खोट्या डिस्कलाच मिळतं. म्हणजे मी अवजारांच्या पेटीलाच पुसायला निघालो होतो. रीस्टार्ट केल्यावर सगळी अक्षरं एकेक घर पुढे सरकतात: सी म्हणजे हार्डडिस्क, डी म्हणजे ती खोटी डिस्क, आणि सीडी जाते ई वर. तरीही पुढची दहा मिनिटं मी सीडी शोधत डी मध्येच भटकत होतो, ते वेगळं.

फॉरमॅट झालं. विन९८ फोल्डर सी वर कॉपी झालं. तिथून सेटअप चालवला. स्कॅनडिस्कचा निळा पडदा येऊन गेला, आणि मग ते दृश्य: डावीकडे पाच टप्प्यांची यादी, खाली उरलेला वेळ. परवाना मान्य, आणि किल्ली. आई पुस्तिका खिडकीपाशी नेऊन एकेक अक्षर वाचायला लागली आणि मी टाइप करायला.

"बी. की आठ आहे?"

या किल्ल्यांत शून्य आणि 'ओ', एक आणि 'आय' असले घोटाळे होऊ नयेत म्हणून ती अक्षरं घेतच नाहीत. पण 'बी' आणि आठ दोन्ही असतात, आणि फिकट झालेल्या शाईत ते जुळे भाऊ दिसतात. एकदा नाकारलं, दुसऱ्यांदा आठ घातला, चाललं. नाव आणि संस्था विचारल्यावर आईने मला बाजूला सारून दोन्ही स्वतः टाइप केलं. संस्थेच्या जागी तिच्या त्या वेळच्या दुकानाचं नाव, पूर्वी होतं तसंच. ते बंद करून १५ वर्षं झाली आहेत.

फाइली उतरायला लागल्या आणि साधारण निम्म्यावर सेटअप थांबला. अमुक कॅब फाइल उलगडता येत नाही. म्हणजेच माझे ते ३८ सेक्टर. डीडीरेस्क्यूने न वाचलेल्या जागी नुसती शून्यं भरली होती. कॉपी करताना डॉसला त्याचं काही वाटलं नाही, कारण त्याला फक्त बाइट मोजायचे असतात. पण कॅब ही दाबून बांधलेली फाइल असते. गाठोड्याची एक गाठ गेली की त्यातलं काहीच नीट निघत नाही.

सोमवारी सीडी रुमालात गुंडाळून ऑफिसला नेली. तिथे कोपऱ्यात एक जुना डेस्कटॉप आहे, त्याचा ड्राइव्ह अजून धडधाकट. इथे डीडीरेस्क्यूची ती नोंदवही कामाला आली. अर्धवट इमेज आणि ती नोंद दोन्ही पेनड्राइव्हवर होते. नव्या ड्राइव्हवर प्रोग्रॅमने फक्त राहिलेल्या जागा मागितल्या, आणि अर्ध्या मिनिटात ३८ चे शून्य झाले. एका ड्राइव्हच्या डोळ्याला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसतं. शेजारच्या टेबलावरचा मुलगा म्हणाला, "सर, ही विंडोज माझ्यापेक्षा मोठी आहे." होतीच. तो २००१ चा.

शनिवारी परत पहिल्यापासून. या वेळी सगळ्या कॅब उलगडल्या, मशीन रीस्टार्ट झालं, ढगांचा तो पडदा आला. आई म्हणाली, "आता झालं." आणि पडदा काळा. विंडोज प्रोटेक्शन एरर, संगणक पुन्हा सुरू करा. पुन्हा सुरू केला, परत तेच. सहा वेळा केलं असेल.

याचं कारण शोधलं तेव्हा मी एकटाच हसत बसलो. नेटवर्कचा भाग सुरू होताना ही विंडोज प्रोसेसरचा वेग मोजायला एक छोटं चक्र ठरावीक वेळा फिरवते आणि किती वेळ लागला ते बघते. त्या काळच्या प्रोसेसरला मोजण्याइतका वेळ लागायचा. २.१ गिगाहर्ट्झच्या वरचा प्रोसेसर ते इतक्यात संपवतो, की लागलेला वेळ शून्य येतो. मग त्या शून्याने भागायचं, आणि खेळ खलास. पळायच्या शर्यतीत घड्याळ सुरू करायच्या आत कोणी पोचलं, तर पंचाने काय लिहायचं? नव्या प्रोसेसरांवर आणखीही काही अडचणी येतात, आणि त्या सगळ्यांवर ठिगळं आहेत. पॅचर९एक्स नावाचा एक फुकट प्रोग्रॅम विंडोजच्या फाइली नव्या यंत्रांसाठी दुरुस्त करून देतो. तो मी लावणारही होतो. पण आईला हवं होतं ते जसंच्या तसं, आणि मलाही आता हट्ट चढला होता.

म्हणून ८६बॉक्स. व्हर्च्युअल मशीन आणि हे यात फरक आहे. व्हर्च्युअल मशीनमध्ये जुनी विंडोज तुमच्या खऱ्या प्रोसेसरवरच पळते. ८६बॉक्स एक जुना संगणक चिप-चिप करून सॉफ्टवेअरमध्ये उभा करतो: तो मदरबोर्ड, त्याचा बायॉस (संगणक सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम), ते ग्राफिक्स कार्ड. विंडोजला शेवटपर्यंत कळत नाही की बाहेर कोणतं साल आहे.

त्याची सेटिंगची खिडकी उघडली आणि आईचा चेहरा खुलला. ते हुबेहूब १९९९ सालचं कोटेशन होतं. मदरबोर्ड कोणता, प्रोसेसर कोणता, रॅम किती, डिस्प्ले कार्ड कोणतं, साउंड कार्ड हवं का. साउंड कार्डपाशी आई थांबली. "तेव्हा नाही घेतलं आपण. दीड हजार वाचवले." मग म्हणाली, "आता घे." म्हणून साउंड ब्लास्टर १६ घेतलं. फुकट.

प्रोसेसरला मात्र पुन्हा अडलो. मी ऐटीत पेंटियम टू ३०० मेगाहर्ट्झचा निवडला. खिडकीच्या वरच्या पट्टीवर ८६बॉक्स टक्क्यांत वेग दाखवतो. शंभर म्हणजे खऱ्या वेळेनुसार. माझे आले साठ-बासष्ट. माउस हलवला की बाण जरा विचार करून निघायचा. कारण उघड आहे: एकेक सूचना सॉफ्टवेअरने सोंग वठवल्यासारखी वठवायची, तर खऱ्या प्रोसेसरचा घाम निघतो. म्हणजे जो लॅपटॉप गेल्या आठवड्यात फार वेगवान म्हणून नापास झाला, तोच आता पुरेसा वेगवान नाही म्हणून नापास. शेवटी पेंटियम एमएमएक्स १६६ वर उतरलो. शंभर टक्के. ६४ एमबी रॅम, ४ एमबीचं एस३ डिस्प्ले कार्ड.

डिलीट दाबून बायॉसमध्ये गेलो, निळ्या पडद्यावर हार्डडिस्क आपोआप ओळखायचा पर्याय घेतला, सीडी पहिली लावली. एफडिस्क, रीस्टार्ट, फॉरमॅट, कॉपी, सेटअप. हे सगळं आता मला पाठ होतं, किल्लीसकट. सेटअपने ३० ते ६० मिनिटं लागतील म्हटलं आणि खरोखर पन्नासेक मिनिटं घेतली. मध्ये आम्ही जेवून घेतलं. परत आलो तर ते हार्डवेअर ओळखत होतं, आणि मिळालेल्या एकेका वस्तूमागे रीस्टार्ट करू का विचारत होतं. मग एकदाचा तो हिरवट-निळा डेस्कटॉप आला आणि सोबत सुरुवातीचं संगीत. आईने हे संगीत तिच्या संगणकावर कधी ऐकलं नव्हतं. दीड हजार वाचवले होते ना.

पडदा ६४० बाय ४८० वर आणि १६ रंगांत होता, तो एस३ चा ड्रायव्हर लावून ८०० बाय ६०० केला. तो ड्रायव्हर विंडोजमध्येच होता आणि सीडी मागितली नाही, कारण विन९८ फोल्डर सी वर बसलेलं होतं. आईने काही म्हटलं नाही, पण बघितलं.

आता फाइली आत न्यायच्या. पेनड्राइव्ह या विंडोजला वेगळ्या ड्रायव्हरशिवाय कळत नाही, आणि नेटवर्क लावण्यात मला अर्थ वाटेना. सगळ्यात सोपं म्हणजे हव्या त्या फाइलींची आपणच एक सीडीची इमेज बनवायची आणि ती आत घालायची. लांब नावं टिकावीत म्हणून ती जोलिएट पद्धतीने केली. तिच्यात पेजमेकरची सीडी उतरवलेली, १४ फाइली आणि फाँटचं फोल्डर.

पेजमेकर बसला. पहिलं प्रकरण उघडलं. हे फाँट सापडत नाहीत, त्याऐवजी हे घेऊ का, अशी एक यादी त्याने दाखवली. मी उत्साहात ओके दाबलं, आणि पानभर टोपीवाली, ठिपकेवाली, तिरप्या रेघांची युरोपीय अक्षरं पसरली. आमचा मूळपुरुष कोणत्या तरी स्कँडिनेव्हियन बेटावरचा वाटायला लागला.

"सेव्ह करू नको! बंद कर, बंद कर!" आई जवळजवळ ओरडली. आधी फाँट घालायचे, मग फाइल उघडायची.

ज्यांनी त्या काळात मराठी डीटीपी केलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक आकडे देणाऱ्या पद्धतीत, देवनागरीला १९९१ पासून जागा आहे, पण विंडोज ९८ ला त्याचा पत्ता नव्हता. विंडोजमध्ये देवनागरी नीट आली ती २००० च्या आवृत्तीत, र. कृ. जोशींनी घडवलेल्या 'मंगल' फाँटसोबत. त्याआधी श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम, आकृती असली पॅकेजं वापरायची. त्यातली युक्ती अशी, की फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवायचे. अर्धा ष एका घरात, काना दुसऱ्या, वेलांटी तिसऱ्या. संगणकाला वाटतं आपण इंग्रजीच्या चिन्हांची रांग दाखवतोय, डोळ्याला दिसतं मराठी. घरं जेमतेम दोनशे-सव्वादोनशे, आणि कोणी काय कुठे बसवायचं हे ज्याचं त्याने ठरवलेलं. म्हणून एकाचं मॅटर दुसऱ्याच्या फाँटमध्ये वाचता येत नाही, आणि फाँट गेला की मजकूर गेला.

आईच्या फोल्डरमध्ये साडेपाचशे फाँट होते. मी सगळे घालायला निघालो. "चार घाल," ती म्हणाली. "एक मजकुराचा, एक त्याचा ठळक, एक शीर्षकाचा, आणि तो आकड्यांचा. जास्ती घातले की विंडोज रडते." चार घातले. प्रकरण पहिलं परत उघडलं. माउसचा बाण क्षणभर वाळूचं घड्याळ झाला, आणि मग पान वरून खाली भरत गेलं. आधी चौकट, मग शीर्षक, मग दोन स्तंभांत मजकूर, अगदी छापलंय तसं. ओळ न् ओळ जागेवर.

आई चष्मा लावून जवळ आली. मला वाटलं काहीतरी हळवं बोलेल. ती म्हणाली, "पान ४७ वर जा."

तिथे एका चुलत पणजोबांच्या जन्मतिथीत 'मार्गशीष शुद्ध पंचमी' छापलं होतं. रफार गेलेला. पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर आठवड्यात मिरजेहून एक पोस्टकार्ड आलं होतं, त्यात फक्त एवढीच एक ओळ होती: पृष्ठ ४७, मार्गशीर्ष, रफार पाहावा. तीन प्रुफं, तीन वाचणारे, आणि तरी. तेवीस वर्षं आईला तो पान नंबर पाठ होता.

आता दुरुस्ती कशी करायची? टाइप करायला त्या पॅकेजचं कीबोर्डचं सॉफ्टवेअर लागतं, आणि ते हार्डवेअर लॉकशिवाय चालत नाही. तो लॉक, म्हणजे प्रिंटरच्या २५ पिनांच्या पोर्टला लावायचा करड्या रंगाचा अंगठ्याएवढा ठोकळा, डब्यात होता. माझ्या लॅपटॉपला तसलं पोर्ट नाही, आणि असतं तरी ८६बॉक्समधल्या संगणकापर्यंत तो पोचला नसता. मी म्हटलं, एक रफार तर आहे, शेवटच्या पीडीएफमध्ये कसाबसा चिकटवू.

"नंबर कीबोर्ड आहे का तुझ्याकडे? तो उजवीकडे आकडे असतात तो."

शेजारच्या जोश्यांकडून यूएसबीचा कीबोर्ड मागून आणला. पॅकेज बंद पडलं किंवा एखादं जोडाक्षर कळफलकावर नसलं, की त्या काळचे ऑपरेटर ऑल्ट दाबून धरून त्या तुकड्याचा आकडा टाइप करायचे. चांगल्या ऑपरेटरला असे वीसेक आकडे तोंडपाठ असत. आईच्या टेबलाच्या काचेखाली त्यांचा एक कागद असायचा, तो मला आठवत होता. कागद कुठे गेला कोणास ठाऊक.

आईने कर्सर षच्या पुढे नेऊन ठेवला. डाव्या अंगठ्याने ऑल्ट दाबला, उजव्या हाताची बोटं आकड्यांवर ठेवली आणि डोळे मिटले. चार आकडे पडले. ऑल्ट सोडला.

षवर रफार आला, पण त्याच्या कुशीत एक टिंबही आलं.

"हा नाही. हा रफार-अनुस्वाराचा जोड." बॅकस्पेस. पुन्हा डोळे मिटले. या वेळी शेवटचा आकडा तिने जरा थांबून दाबला.

मार्गशीर्ष.

कंट्रोल एस तिने दोनदा दाबलं. लोडशेडिंगच्या दिवसांतली सवय, दर ओळीला दोनदा. मग म्हणाली, "आता सेव्ह ॲज कर त्याच नावाने. नुसतं सेव्ह केलं की पेजमेकरची फाइल फुगत जाते. सेव्ह ॲज केलं की हलकी होते." केलं. निम्म्यावर आली.

बाहेर काढायचं काम मग फार अवघड गेलं नाही. विंडोजच्या यादीतला ॲपलचा एक लेझर प्रिंटर निवडला, पोर्टच्या जागी 'फाइल' म्हटलं, म्हणजे कागदाऐवजी पोस्टस्क्रिप्टची, म्हणजे प्रिंटरला द्यायच्या सूचनांची, फाइल मिळते. मशीन बंद केलं, त्याच्या हार्डडिस्कची इमेज बाहेरून सेव्हन-झिपने उघडून ती फाइल उचलली आणि घोस्टस्क्रिप्टने तिची पीडीएफ केली. फाँट आत बांधलेले आले. एकदा फक्त पानं उलटी आली, आरशात दिसतात तशी. आईच्या फाइलीत प्रिंटची सेटिंग अजून ट्रेसिंगची होती, ऑफसेटच्या प्लेटसाठी उलटं काढायची. ती खूण काढली आणि सुलटं झालं.

प्रकरण सहावं मात्र अजून राहिलंय. ती फाइल सीडीवरून अर्धीच आलीय आणि या वेळी ऑफिसच्या ड्राइव्हलाही ती दिसली नाही. आई म्हणते, वाईच्या काकूंच्या मुलाकडे एक झिप डिस्क (त्या काळची जाडसर, मोठी फ्लॉपी) दिली होती, तिच्यावर असेल. रविवारी वाईला जायचंय. झिप ड्राइव्ह कोणाकडे मिळेल, त्याची चौकशी सुरू आहे.